बंद लिफाफा: समोरच्याला न दाखवलेल्या कागदावर कोर्टानं निकाल द्यावा का?

वारणाकाठ:
बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, आज लिहूनच टाकतो. सरकारनं काही गोष्टी गुप्त ठेवाव्यात की नाही याबद्दल माझा वाद नाहीये, ठेवाव्यातच. सैन्य कुठं आहे, कोणाचा फोन ऐकला जातोय, खबर कोणी दिली, हे मला कळायची गरज नाही आणि पेपरात तर अजिबात यायला नको. पण सरकार एखाद्याचा धंदा, चॅनल, संघटना काढून घेतं, तो कोर्टात जातो, आणि तिथं सरकारी वकील उठून बंद लिफाफा थेट न्यायाधीशांच्या हातात देतात, न्यायाधीश तो वाचतात आणि म्हणतात आम्ही बघितलं, आतलं गंभीर आहे, याचिका फेटाळली. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आत काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. याला सुनावणी म्हणायचं का?

केरळच्या मीडियावन चॅनलचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये गृहखात्यानं सुरक्षा मंजुरी दिली, परवाना दहा वर्षांचा होता, नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मंजुरी नाकारली आणि ३१ जानेवारी २०२२ ला प्रक्षेपण बंद. कारण काय तर राष्ट्रीय सुरक्षा, त्यापुढं एक शब्द नाही. केरळ हायकोर्टाला फाइल लिफाफ्यातून दिली गेली. सिंगल जजनं चॅनलविरुद्ध निकाल दिला, अपिलात खंडपीठानं जे लिहिलं ते मला आजही पचत नाही. प्रकरणाचं स्वरूप काय, गांभीर्य किती, परिणाम काय हे फाइलवरून नीट कळत नाही हे त्यांनी स्वतःच मान्य केलं, पण सुरक्षेला बाधा येईल असे संकेत दिसतात म्हणून बंदी कायम. म्हणजे वाचूनही उलगडलं नाही, तरी चॅनल बंदच.

५ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं (चंद्रचूड आणि हिमा कोहली) हे सगळं रद्द केलं. फाइलीत निघालं काय? एक म्हणजे जमात-ए-इस्लामी हिंदशी संबंध असल्याचा आरोप, जिच्यावर बंदीच नव्हती, आणि दुसरं म्हणजे चॅनलची भूमिका सरकारविरोधी आहे, सीएए-एनआरसी, यूएपीए (बेकायदेशीर कारवायांविरुद्धचा कायदा), न्यायव्यवस्था यावर टीका करतात वगैरे. राष्ट्रीय सुरक्षेचं कारण हवेतून काढता येत नाही असं कोर्टानं सुनावलं. पण हे व्हायला सव्वा वर्ष गेलं, आणि मध्ये कोर्टाची स्थगिती मिळाली नसती तर तेवढा काळ पडदा काळाच राहिला असता.

सुभेदार_निवृत्त:
वारणाकाठ, तुम्ही एक बिघडलेली केस घेतली आणि सगळी पद्धतच चूक ठरवली. मी सिग्नल्समध्ये होतो, जास्त सांगता येणार नाही पण एवढं सांगतो. लोकांना वाटतं नाव खोडलं की कागद सुरक्षित झाला. तसं नसतं. अमुक तारखेला इतक्या वाजता या दोघांत असं बोलणं झालं, एवढी एक ओळ समोरच्याला मिळाली ना तरी त्याला कळतं की त्याचा कुठला नंबर ऐकला जातोय. त्या दिवशी तो नंबर कोणाकोणाला माहीत होता हे शोधायला त्याला अर्धा तास लागतो. नंबर बदलतो, आपली दोन-तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाते आणि आपला माणूस तिथं असेल तर तो जातोच. न्यायाधीशांनी वाचलं म्हणजे तिसऱ्या माणसानं तपासलंच की. अजून काय पाहिजे?

आणि २०१४ ला सुप्रीम कोर्टानंच माजी सैनिकांच्या सिक्युरिटी कंपनीच्या केसमध्ये (तिची विमानतळावरची मंजुरी काढून घेतली होती) सांगितलंय की राष्ट्रीय सुरक्षेचा खरा प्रश्न असेल तर आधी नोटीस देऊन म्हणणं ऐकून घ्यायचा आग्रह धरता येत नाही. गेल्या वर्षी-दीड वर्षातलं चेलेबीचं बघा. तुर्कस्तानच्या ग्रुपची कंपनी, मुंबई-दिल्लीसकट आपल्या विमानतळांवर सामान आणि विमानं हाताळायचं काम. ऑपरेशन सिंदूर झालं, तुर्कस्ताननं पाकिस्तानची बाजू घेतली आणि १५ मे २०२५ ला मंजुरी रद्द. दिल्ली हायकोर्टानं लिफाफा बघून ७ जुलैला याचिका फेटाळली. आता विमानाच्या पोटापर्यंत हात पोचणाऱ्या कंपनीला आधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवायची का, की बाबा आम्हाला तुझा संशय आहे, तुझं काय म्हणणं? सांगा.

वारणाकाठ:
सुभेदार साहेब, आधी नोटीस नको हे मान्य. मंजुरी आज रात्री रद्द करा. मी रद्द केल्यानंतर जे कोर्टात होतं त्याबद्दल बोलतोय. एकदा गेट बंद केलं की घाई संपली ना? मग महिनाभर सुनावणी चालते तेव्हा तरी आरोपाचा सारांश द्यायला काय हरकत आहे.

आणि न्यायाधीशांनी वाचलं म्हणजे तपासलं हे मला मान्य नाही. राफेल विमानखरेदीची केस आठवा. किंमतीची माहिती लिफाफ्यातून दिली होती. १४ डिसेंबर २०१८ च्या निकालात कोर्टानं लिहिलं की कॅगचा अहवाल झालाय आणि लोकलेखा समितीनं तो तपासलाय. असा अहवाल तेव्हा नव्हताच! तो संसदेत आला १३ फेब्रुवारी २०१९ ला. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सरकारला अर्ज करावा लागला की आमच्या टिपणातल्या वाक्याचा अर्थ तसा नव्हता, आम्ही फक्त पद्धत काय असते ते सांगत होतो. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट, तीन न्यायमूर्ती, तरी चूक झाली, कारण ते टिपण समोरच्या वकिलानं पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर तो त्याच मिनिटाला उठून म्हणाला असता की माय लॉर्ड, कुठला अहवाल?

सुभेदार_निवृत्त:
पण १४ नोव्हेंबर २०१९ ला पुनर्विचार याचिका फेटाळल्याच ना. निकाल तोच राहिला. हे पण लिहायचं.

कोर्टाची_पायरी:
मी वकिली करते म्हणून थोडं लांबड लावते. तुम्ही दोघं एकाच लिफाफ्याबद्दल बोलताय असं वाटतंय पण इथं लिफाफे दोन प्रकारचे आहेत आणि सगळा घोळ त्यांची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिला जुना. सरकार म्हणतं हा कागद आम्ही दाखवणार नाही, लोकहिताला बाधा येईल. जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२३, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १२९. १९७५ ची राज नारायण केस यावरचीच. रायबरेलीच्या निवडणुकीवरून इंदिरा गांधींविरुद्धचा खटला, राज नारायण यांनी पंतप्रधानांच्या दौऱ्यातल्या सुरक्षेच्या सूचनांचं पुस्तक मागितलं, ब्लू बुक म्हणतात त्याला. सरकार म्हणालं गुप्त आहे. कोर्ट म्हणालं तुम्ही म्हणता म्हणून नाही, गरज पडली तर आम्ही स्वतः कागद बघू आणि दाखवायचा की नाही ते आम्ही ठरवू. इथं न्यायाधीश एकटे वाचतात, पण कशासाठी, तर कागद खुला करायचा की नाही एवढं ठरवायला. आणि खुला करायचा नाही असं ठरलं तर तो कागद खटल्यातूनच बाहेर जातो. सरकारलाही त्यावर बोट ठेवता येत नाही.

दुसरा लिफाफा गेल्या काही वर्षांत वाढलाय. इथं कागद समोरच्याला दाखवायचा नाही आणि त्याच कागदाच्या जोरावर केस मात्र जिंकायची. हा फरक आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या नियमांत बंद लिफाफ्याची तरतूद आहे, पण कागद लोकांपासून लपवणं वेगळं आणि खटल्यातल्या पक्षकारापासून लपवणं वेगळं. चिदंबरम यांच्या जामिनात काय झालं? हायकोर्टानं ईडीच्या लिफाफ्यातल्या गोष्टी निष्कर्ष म्हणून निकालात उतरवल्या, आणि ४ डिसेंबर २०१९ ला जामीन देताना सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लिफाफा बघून मनाचं समाधान करून घ्या, पण त्यातलं सगळं सिद्ध झाल्यासारखं लिहू नका. तो मामला तर पैशांचा होता, राष्ट्रीय सुरक्षेचा संबंधही नव्हता. सवय लागली की लागली. २० मार्च २०२३ ला माजी सैनिकांच्या पेन्शनच्या थकबाकीवर, वन रँक वन पेन्शनवर, सुद्धा लिफाफा आणला होता, तेव्हा सरन्यायाधीशांनी घेतला नाही. सुभेदार साहेब, तुमच्या पेन्शनमध्ये कसलं गुपित?

सुभेदार_निवृत्त:
ताई, पेन्शनचं पटलं. त्यात गुपित काहीच नाही, सरळ थकबाकी द्यायची होती.

पण दुसऱ्या लिफाफ्याबद्दल विचारतो. समजा कागद खरा आहे, आतला माणूस खरंच शत्रूच्या पैशावर आहे, आणि पुरावा फक्त त्या एका कागदात आहे. तुमच्या जुन्या पद्धतीनं कागद खटल्यातूनच बाहेर काढला की सरकार केस हरणार आणि तो माणूस मंजुरी परत घेऊन उद्या कामावर. हे चालेल तुम्हाला?

कोर्टाची_पायरी:
खरा प्रश्न आहे आणि तो इंग्लंडला पडला होता. ग्वांतानामोतून सुटलेल्या लोकांनी ब्रिटिश सरकारवर दावे लावले, सरकारला गुप्तचर कागद दाखवायचे नव्हते म्हणून २०१० मध्ये तडजोड करून पैसे द्यावे लागले. मग २०१३ ला त्यांनी कायदाच केला. गुप्त कागद बंद दालनात चालतो, पण समोरच्याच्या वतीनं सुरक्षा तपासणी झालेला खास वकील तिथं असतो. एकदा कागद बघितला की परवानगीशिवाय पक्षकाराशी त्याबद्दल बोलायचं नाही. तिकडेही त्यावर बरीच टीका होते, अशिलाशी न बोलता वकिलानं लढायचं कसं म्हणून, आणि ती टीका मला पटते. पण निदान खोलीत सरकारला उलटा प्रश्न विचारणारा एक माणूस असतो.

आपल्याकडे मीडियावनच्या निकालात याच्या जवळ जाणारी सोय सांगितलीय. गुप्ततेचा दावा आला की कोर्टाला न्यायमित्र, म्हणजे कोर्टाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमता येतो, त्यानं आधी पक्षकाराशी आणि त्याच्या वकिलाशी बोलून घ्यायचं, मग कागद बघायचा, त्यानंतर बाहेर बोलायचं नाही अशी शपथ. शिवाय शक्य तिथं नावं झाकून कागद द्यायचा, नाहीतर सारांश द्यायचा. सुभेदार साहेबांनी तारीख-वेळेचं जे सांगितलं त्याला उत्तर सारांशच आहे. तुझ्यावर अमुक देशातून पैसे घेतल्याचा आरोप आहे एवढं सांगायला कुठला फोन ऐकला ते सांगावं लागत नाही. तो निदान आपले बँकेचे कागद तरी घेऊन येईल.

झाडीपट्टी:
सगळे केरळ, दिल्ली, लंडन फिरून आले, आता जरा आमच्याकडे या. मी गडचिरोली जिल्ह्यात मास्तर आहे. आमच्याकडे 'पोलिसांचा खबऱ्या' एवढा संशय आला म्हणून नक्षलवाद्यांनी लोकांना रात्री घरातून उचलून मारलंय आणि प्रेताजवळ चिठ्ठी ठेवलीय. तिथं कागद, पुरावा, सुनावणी काही नाही. आता सांगा, एखाद्या संघटनेवर बंदी घातली आणि सारांश दिला की अमुक गावातल्या अमुक बैठकीत असं ठरलं. बैठकीला माणसं किती होती? आठ. आठातला कोण बोलला हे शोधायला किती वेळ लागतो? ते शोधायच्या भानगडीतही पडत नाहीत, दोघांवर संशय आला तर दोघं संपतात. तुमचा सारांश आमच्याकडे माणूस मारतो.

म्हणून जुलै २०२५ ला विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं तेव्हा मला बरं वाटलं, आणि मी कुठल्या पक्षाचा नाही. सरकारला लोकहितासाठी जी माहिती द्यायची नाही ती द्यायला लागू नये, एवढी सूट पाहिजेच. तुम्ही म्हणता आरोपीला कळलं पाहिजे. खबर देणाऱ्याच्या बायकोला काय कळवणार ते पण सांगा.

वारणाकाठ:
मास्तर, तुमच्या प्रतिसादावर लगेच काही लिहावंसं वाटलं नाही म्हणून थांबलो. तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि आठ माणसांच्या बैठकीत सारांश पुरत नाही हेही खरं आहे.

पण हीच सूट यूएपीएच्या कलम ३ मध्ये कित्येक वर्षं आहे. अधिसूचनेत कारणं द्या, मात्र लोकहिताविरुद्ध वाटेल ती वस्तुस्थिती उघड करायला नको. वाटेल कोणाला? सरकारलाच. तुमच्या गावातली बैठक आणि मीडियावनच्या बातम्या, दोन्हीला एकच वाक्य लागू होतं. खबऱ्याचं नाव लपवायला दिलेली सूट वापरून सरकारवरची टीका हीच सुरक्षेची अडचण म्हणून फाइलीत लिहिली गेली, हे २०२३ च्या निकालात स्पष्ट दिसतं ना. तुमच्या खबऱ्याच्या जिवाची किंमत पुढं करून दुसरंच काही झाकलं जातं याचा मला जास्त राग येतो. आणि जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे १२ हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या, त्यातल्या खूप लोकांची भीती हीच होती. ते सगळे काही नक्षलवाद्यांचे पाठीराखे नव्हते.

मुलुंडकरीण:
२६/११ ला माझा भाऊ सीएसएमटीजवळ अडकला होता, तेव्हा सीएसटी. त्या तीन दिवसांत चॅनलवाले कमांडो कुठं उतरतायत तेही लाइव्ह दाखवत होते आणि तिकडे पलीकडचे लोक टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. सुप्रीम कोर्टानं कसाबच्या निकालात २०१२ ला चॅनलना यावरून चांगलंच झापलं. त्यामुळे गुप्तता म्हटलं की मी आधी सुभेदार काकांच्या बाजूची असते.

पण त्यानंतर काय झालं ते पण आठवतं. राज्य सरकारनं राम प्रधान समिती नेमली, मुंबई पोलिसांचं कुठं चुकलं ते बघायला. अहवाल आला २००९ ला. विधिमंडळात जून मध्ये फक्त कृती अहवाल ठेवला, मूळ अहवाल नाही, कारण सुरक्षा! मग तो फुटला, चॅनलवर आला, आणि डिसेंबर २००९ ला नागपूरला सभागृहात ठेवावा लागला. त्यात काय होतं? तेव्हाच्या पोलीस आयुक्तांच्या नेतृत्वात गंभीर त्रुटी होत्या, ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असं. ते वाचून पाकिस्तानला काय मिळणार होतं? आम्हाला मात्र मिळालं असतं. ज्यांची माणसं गेली त्यांना सहा महिने सांगितलं गेलं की हे वाचणं तुमच्या सुरक्षेसाठी धोक्याचं आहे. हे मला अजून लागतं.

जर्सीकर:
मुलुंडकरीण +१. इकडे अमेरिकेत याच गोष्टीची सगळ्यात गाजलेली केस अशीच आहे. १९४८ ला जॉर्जियात वेक्रॉसजवळ बी-२९ विमान पडलं, आत गुप्त उपकरणाची चाचणी चालू होती. तीन बिनलष्करी इंजिनियर गेले, त्यांच्या बायकांनी सरकारवर दावा लावला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. हवाई दल म्हणालं गुपित फुटेल. १९५३ ला सुप्रीम कोर्टानं सरकारचं ऐकलं, आणि न्यायाधीशांनी तो अहवाल स्वतः उघडूनही बघितला नाही. शपथपत्रावर विश्वास ठेवला. तेव्हापासून इकडे सरकार प्रत्येक वेळी हाच निकाल पुढं करतं. अपघातात गेलेल्या एका इंजिनियरच्या मुलीला २००० साली तोच अहवाल मिळाला, तोपर्यंत खुला झाला होता. त्यात त्या उपकरणाचं गुपित नव्हतं. इंजिनाला आग लागली होती, आग टाळण्यासाठी सांगितलेला बदल त्या विमानात केलेलाच नव्हता. पन्नास वर्षं.

सुभेदार_निवृत्त:
अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी उघडून बघितलं नाही, आपले बघतात. हा फरक आहे की नाही? माझा मुद्दा सुरुवातीपासून तोच आहे. आणि मुलुंडकरीण ताई, अधिकाऱ्यांनी स्वतःची कातडी वाचवायला गुप्ततेचा शिक्का मारणं याचा मला तुमच्यापेक्षा जास्त संताप आहे, कारण त्या शिक्क्यामुळे खऱ्या शिक्क्याची किंमत जाते. पण उपाय म्हणून लिफाफाच नको, हे मी मानणार नाही.

कोर्टाची_पायरी:
लिफाफाच नको असं इथं कोणीच म्हणत नाहीये साहेब. लिफाफ्याशेजारी सरकारचा नसलेला एक माणूस बसवा एवढंच.

झाडीपट्टी सरांसाठी एक जुना निकाल सांगते. डिसेंबर १९९२ ला जमात-ए-इस्लामी हिंदवर बंदी घातली होती, अशी बंदी तपासणाऱ्या न्यायाधिकरणानं ती कायम केली. १९९४ ला सुप्रीम कोर्टानं ती उडवली. सूत्रांची नावं लपवायला कोर्टानं हरकत घेतली नाही, उलट लोकहितासाठी लपवता येतील असंच म्हटलं. पण सांगणारा विश्वासार्ह आहे की नाही हे न्यायाधिकरणानं कुठल्या तरी मार्गानं स्वतः तपासलं पाहिजे, नुसत्या अधिकाऱ्याच्या 'मला असं कळलं' वर बंदी टिकत नाही. तुमच्या गावातल्या माणसाचं नाव न उघडताही त्याला न्यायाधीशांसमोर बंद खोलीत विचारता येतं. सोय तीस वर्षं जुनी आहे, वापरली कितपत जाते हा प्रश्न आहे.

झाडीपट्टी:
ताई, न्यायाधिकरणासमोर आमच्या गावातला माणूस जाणार कसा? भामरागडहून निघाला की दोन दिवस गावात दिसत नाही, आणि दोन दिवस कोण दिसलं नाही हे पहिलं विचारलं जातं. कागदावर तुमचं बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही.

वारणाकाठ:
मग न्यायाधीशांनी तिकडे यावं. किंवा ज्या पोलीस अधिकाऱ्याशी तो बोलला त्याला न्यायमित्रानं बंद खोलीत खोदून विचारावं, किती वर्षं ओळखतोस, आधी दिलेल्या खबरा खऱ्या निघाल्या का, पैसे किती दिले, त्याचं त्या संघटनेशी जमिनीचं भांडण आहे का. गावातल्या माणसाला हलायची गरज नाही. आज हे प्रश्न विचारायला त्या खोलीत कोणी नसतं.

आणि गुपचूप केल्यानं देश मजबूत होतो असं वाटणाऱ्यांसाठी अवांतर: नोव्हेंबर १९६२, चीन आत घुसलेला, संसदेत एका खासदारानं गुप्त अधिवेशनाची मागणी केली. नेहरूंनी नाही म्हटलं. उघड चर्चा झाली, १६५ खासदार बोलले, सरकारला नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. (त्याच युद्धातल्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल मात्र सरकारनं आजवर खुला केलेला नाही, त्याला साठ वर्षं होऊन गेली.)

सुभेदार_निवृत्त:
ब्रूक्स-भगत अहवाल खुला करा, यावर मी तुमच्याबरोबर सही करायला तयार आहे. आमच्या लोकांनी कसल्या बुटांवर आणि कसल्या रायफली घेऊन बर्फात लढाई केली ते कळू दे सगळ्यांना.

न्यायमित्राचं पण ऐकून घेतो. पण तो कोण नेमणार, त्याची तपासणी कोण करणार? कोर्टानं उद्या कुणीही नामांकित वकील बसवला आणि परवा तो दुसऱ्या केसमध्ये त्याच लोकांच्या बाजूनं उभा राहिला तर? डोक्यातलं काढून ठेवता येत नाही. आधी कायमस्वरूपी यादी करा, त्या यादीतल्यांना अशा केसेस खाजगीत घ्यायला बंदी घाला, मग लिफाफा त्यांच्यासमोर उघडा. तोपर्यंत न्यायाधीशांनी एकट्यानं वाचलेलं बरं.

कोर्टाची_पायरी:
यादीची कल्पना चांगली आहे. पण खाजगी केसेस बंद केल्या तर त्या वकिलांचा पगार कोण देणार, सरकारच ना? मग तो सरकारचा नसलेला माणूस कसा राहील? हायकोर्टाच्या विधी सेवा समितीच्या निधीतून देता येईल का ते बघायला हवं, त्यावर उद्या सविस्तर लिहिते, आता कोर्टात पुकारा होईल.